ओव्हाळ बाईंचे विंचू

तुमच्या घरात, ट्रंकेत किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात, असा एक तरी कागद आहे ना, ज्याच्या खाली तुमची सही आहे आणि ज्यातलं एकही वाक्य तुम्ही वाचलेलं नाही? घाईनं नाही म्हणू नका. ओव्हाळ बाईंसमोर नाही म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. बाई वाद घालायच्या नाहीत. "घरी जा, शोधा, आणि रविवारी या," एवढंच म्हणायच्या. रविवारी ते माणूस यायचं, आणि त्याच्या हातात कागद असायचा.

वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका वाडीची पाण्याला जायची वाट आज लोखंडी फाटकाआड आहे. ती कशी गेली, याची एक गोष्ट नसरापूरपासून भोरपर्यंत सगळे सांगतात. कंपनीनं फसवलं, म्हणतात. ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं बाईंना ठाऊक होतं आणि मला. ते लिहायचं तर आधी बाई सांगायला हव्यात.

बाई भोरला राहायच्या. झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, किडकिडीत, कायम पांढरे बूट घालणाऱ्या. गुरुवारी आणि रविवारी दुपारी एसटीनं नसरापूरला यायच्या आणि पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग घ्यायच्या. फळ्यावर खडूपेक्षा पीठच जास्त. दारावर पुठ्ठा होता: 'इंग्रजी वाचा.' हायवेवर 'इंग्रजी बोला'चे चार बोर्ड लागलेले असताना हा पुठ्ठा गरिबासारखा दिसायचा. कुणीतरी सुचवलं, "बाई, वाचा काय, बोला लिहा. पोरं येतील." बाई म्हणाल्या, "बोलून कोण फसलंय आजवर? फसतात ते वाचून दाखवायला कुणी नसतं म्हणून."

संशय हा बाईंचा स्वभाव नव्हता, रोजचा व्यायाम होता. एसटीचं तिकीट त्या दोन्ही बाजूंनी वाचायच्या. नवी वही घेतली की दुकानातच उभ्या राहून पानं मोजायच्या आणि आठ पानं कमी भरली की वही गल्ल्यावर ठेवून शांतपणे म्हणायच्या, "वरती शंभर लिहिलंय. खोटं कोण, वही का तुम्ही?" लग्नपत्रिका आली तरी आधी चष्मा लावायच्या. गिरणीवाले आप्पा त्यांना चहा द्यायचे तेव्हा हसून सांगायचे, "बाई, ह्याच्यावर काय छापलेलं न्हाई. प्या निवांत." बाई कप फिरवून बुडाशी बघायच्या. "छापलंय. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका असं छापलंय." आप्पांकडे मायक्रोवेव्ह नव्हता, पण तो कप त्यांनी पुढं कधी चुलीजवळही नेला नाही.

शिकवायची पद्धत अशी. महिनाभर एकच क्रियापद, आणि तेही सगळ्यांना येत असलेलं. मी पहिल्यांदा गेले तो 'गिव्ह'चा महिना होता. भिंतीवर खिळ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे टांगलेले: अप, इन, ऑफ, अवे, बॅक.

"गिव्ह म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"देणे," सगळे एकदम.

"हे चौथीतलं पोर सांगेल. विंचू पुढून बघून काय उपयोग? नांगी मागं असते." आणि त्यांनी काठीनं एकेका पुठ्ठ्याला टोचलं. पुठ्ठे हलले. "पुढचा शब्द ओळखीचा वाटला की माणूस मान डोलावतो. मागचा बारीक शब्द तेवढ्यात काम करून जातो."

मग त्यांनी नर्सिंग करणाऱ्या सोनालीला उभं केलं. "मराठीत 'दिलं' आणि 'देऊन टाकलं' एकच का गं?"

"नाही बाई. दिलं म्हणजे दिलं. देऊन टाकलं म्हणजे नको होतं, कटकट गेली."

"आणि 'देऊन बसले'?"

सोनाली हसली. "म्हणजे आता पस्तावलेय."

"बघा," बाई म्हणाल्या, "आपल्याकडे पस्तावा ऐकू तरी येतो. कागदावरच्या इंग्रजीत तो मागच्या दोन अक्षरांत लपवून ठेवतात."

बाईंची फी मात्र विचित्र होती. पैसे नाहीत, कागद. प्रत्येकानं घरातला इंग्रजी मजकूर असलेला एक कागद आणायचा, आणि त्याची झेरॉक्स बाईंकडे ठेवायची. कुणी कुकरच्या डब्यातला कागद आणायचं, कुणी शिरवळकडच्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र, कुणी मोबाईलवरचा मेसेज उतरवून आणायचं. कामथडीचे बापू टोमॅटोवर मारायच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबलच सोलून घेऊन आले होते. बाईंनी भिंगातून ते वाचलं आणि विचारलं, "औषध कुठं ठेवता बापू?"

"घरातच की. माळ्यावर. दुकानदार म्हनला, बिनवासाचं हाय."

"झोपता कुठं?"

"त्याच्याच खाली. का वो?"

बाईंनी लेबलावर 'गिव्ह्ज ऑफ' या दोन शब्दांखाली रेघ मारली. "हे ऊन लागलं की वाफ सोडतं. वास नाही म्हणूनच लिहावं लागलंय. आजच बाहेर काढा."

बापूंनी लेबल उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाले, "आयला, एवढुशा अक्षरात? मराठीत लिवायला ह्यांचा हात मोडला व्हता काय?"

"मराठीतही लिहिलंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही तेही वाचलं नाही." सगळा वर्ग हसला. बापूही हसले. बाई हसल्या नाहीत.

आता माझं थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची. वडील चळवळीतले. मी अक्षरं गिरवली ती 'जाहीर निषेध' या शब्दांवर. वेल्ह्याच्या खोऱ्यात त्या सुमारास जमिनी झपाट्यानं हलत होत्या. तालुक्याचं नाव कागदावर राजगड झालं, पण लोकांच्या तोंडून वेल्हे जात नाही. जमिनीचं मात्र उलटं होतं, तोंडी ती अजून आपली होती आणि कागदावर कुणा भलत्याची. अशा वेळी एक बाई दर आठवड्याला लोकांकडून कागद गोळा करतेय, त्यांच्या प्रती ठेवतेय, कापडाच्या दप्तरात बांधून भोरला नेतेय. कशासाठी? मी वर्गात गेले ती इंग्रजीसाठी नाही, हे पाहायला गेले.

आणि मला हवं ते दिसत गेलं. एकदा विचारलं, "बाई, ह्या प्रतींचं तुम्ही करता काय?"

"पुढच्या महिन्याचा धडा."

"एवढ्या प्रती?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू अजून एकही कागद आणला नाहीस. तुझ्याकडे काय लपवायला आहे?"

मला ते उत्तर टाळणं वाटलं. मग एका शुक्रवारी नसरापूरच्या चौकात एका पांढऱ्या गाडीतून बाई उतरताना दिसल्या. ती गाडी मला माहीत होती. वेल्ह्याच्या डोंगरातल्या त्या वरच्या वाडीखाली रिसॉर्ट बांधणाऱ्या कंपनीच्या साहेबाची. साहेबानं आतून हात हलवला. बाईंनीही हलवला.

त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं. 'तुमचे कागद कुणाकडे जातात?' असं मोठ्या अक्षरांत वर, आणि खाली एक पानभर प्रश्न. वर्गाच्या नावाखाली कोण माहिती गोळा करतं? कंपनीच्या गाडीतून कोण फिरतं? हा कुणाचा कावा? बाईंचं नाव कुठंही नव्हतं. गरजच नव्हती. खाली फक्त 'एक जागरूक नागरिक'. शनिवारी सकाळी एसटी स्टँडवर, वडापच्या रिक्षांत, वेल्ह्याच्या गाडीत पत्रकं वाटली गेली.

लोकांना ते फार लवकर पटलं. इतक्या लवकर पटण्यात बाईंच्या आडनावाचाही हात होता. "त्या वस्तीतल्या बाईला कशाला दाखवायचे घरचे कागद?" असं एकजण माझ्यासमोर बोलला, आणि मी त्याला काहीही म्हटलं नाही. आपल्या बाजूनं बोलणाऱ्याला कोण अडवतं? पत्रकं वाचून वाढलेल्या मुलीला तेव्हाच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही.

रविवारी वर्गात सोनाली होती, बापू होते, आणि पिठानं पांढरा झालेला फळा. बाईंनी नेहमीसारखा धडा घेतला. पत्रकाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त शेवटी विचारलं, "वरच्या वाडीचं कुणी आलंय का आज?" कुणी आलेलं नव्हतं. मला ते विचारणंही संशयास्पद वाटलं. वाडीशी हिचं काय काम?

तीन आठवड्यांनी वाडीच्या वाटेवर फाटक उभं राहिलं.

वाडी वर, झरा खाली, आणि मधून जाणारी पायवाट कंपनीनं घेतलेल्या जमिनीतून. पिढ्यान्‌पिढ्या बाया त्या वाटेनं पाणी आणायच्या, गुरं त्याच वाटेनं उतरायची. आता वळसा घालून, माथ्यावरून. आम्ही चळवळीतले घोषणा द्यायला गेलो. मी पुढं होते. फाटकाशी वाडीतल्या हौसाबाई बसल्या होत्या, डोक्यावरचा हंडा शेजारी उपडा ठेवून. साठीच्या असतील. आमच्या घोषणा त्यांनी ऐकून घेतल्या आणि मग म्हणाल्या, "पोरी, घसा सुकंल. पानी आनायला लई लांब जावं लागतं आता."

मी शेजारी बसले. "सही का केली मावशी?"

"सायब म्हनला, रस्ता पक्का करतूय, तुमची हरकत न्हाई एवढंच लिवलंय. समद्यांनी केली. आमी बी देऊन बसलो."

"कुणाकडून वाचून नाही घेतलं?"

"घेनार व्हतो की. नसरापूरच्या बाईकडं न्यायचा ठरलाच व्हता कागूद. माझी भाची जाती तिच्याकडं, सोनाली. पर त्याच टायमाला ह्ये आलं." त्यांनी कनवटीला खोवलेली पिशवी काढली. तंबाखू, चुना, आणि चौकोनी घडी घातलेलं माझं पत्रक. "पोरांनी वाचून सांगितलं, ह्याचा अर्थ कागद देऊ नगा कुनाला. मंग न्हाई नेला. ज्यानं लिवलं त्यो शानाच असंल, व्हय की न्हाई?"

मागं घोषणा चालू होत्या. मी हौसाबाईंना काही सांगितलं नाही. त्यांच्याकडून कंपनीच्या कागदाची प्रत घेतली आणि दुसऱ्या दिवशी भोरची एसटी धरली.

बाईंचं घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यात कागदांचा वास. त्यांनी प्रत घेतली, खिडकीशी गेल्या, भिंग लावलं. भिंग कागदाच्या फारच जवळ होतं, आणि कागद डोळ्यांच्या. हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या पानाच्या तळाशी त्या थांबल्या आणि पेन्सिलीनं रेघ मारली. 'गिव्ह अप.' वाटेचा सगळा वापर सोडून देत आहोत.

"भिंतीवर पहिलाच पुठ्ठा होता," त्या म्हणाल्या. "सोनालीनं वाचला असता तरी कळलं असतं. माझी गरज नव्हती."

मी विचारलं, "त्या दिवशी गाडीत का बसला होतात?" माझा आवाज अजूनही चौकशीचाच होता. सवय.

"त्यांच्या ऑफिसात गेले होते. म्हटलं, वाडीकडून सह्या घेणार म्हणता, तर मराठीत प्रत द्या. दिली नाही. एसटी चुकली, तर म्हणाले सोडतो. बसले. गाडीत माणूस सैल बोलतो. पंधरा दिवसांत सह्या उरकायच्यात, असं बोलून गेला. म्हणून रविवारी वर्गात विचारलं, वाडीचं कुणी आलंय का."

त्यांनी कोपऱ्यातलं दप्तर ओढलं आणि गाठ सोडली. मी ज्या प्रतींना इतकी घाबरले होते त्या सगळ्या माझ्यासमोर पसरल्या. प्रत्येक कागदावर, नाव आणि गट नंबर असायला हवा तिथं, पांढरी पट्टी. झेरॉक्स काढताना बाई आधी नावावर कागदाची पट्टी ठेवायच्या. एकाही प्रतीवरून तो कुणाचा कागद ते कळत नव्हतं. चार महिने मी त्या वर्गात बसले, आणि एकदाही जवळ जाऊन एक प्रत पाहिली नव्हती.

सगळ्यात खाली माझं पत्रक. त्यावर वर तारीख, आणि जागोजागी पेन्सिलीच्या रेघा.

"हा एकच कागद असा," बाई म्हणाल्या, "ज्यावर मला पट्टी ठेवावी लागली नाही. नावच नव्हतं. कंपनीनं तरी खाली नाव घातलंय."

"मी लिहिलंय ते."

"माहीत आहे. 'कावा' हा शब्द तीनदा आहे. वर्गातही तू बापूंच्या लेबलाला कावा म्हणाली होतीस."

मी माफी मागायला लागले. त्यांनी हात वर केला. "थांब. तुझ्या माफीवर मी विश्वास का ठेवू? परवापर्यंत तुझी खात्री होती मी दलाल आहे. आज खात्री आहे मी संत आहे. दोन्ही वेळा तू वाचलेलं काहीच नाही."

मग त्या कामाला लागल्या. वाडीच्या वतीनं तहसीलदारांकडे अर्ज करायचा ठरला: कागद आम्हांला मराठीत समजावून दिला नाही, भलतंच सांगून सह्या घेतल्या, वाट मोकळी करा. तो अर्ज बाईंनी वाडीवर बसून लिहिला. प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि हौसाबाईंनी "व्हय, असंच झालं" म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. एका ठिकाणी मी सुचवलं, 'अमानुष' हा शब्द घाला. हौसाबाईंनी विचारलं, "म्हंजी?" बाईंनी तो शब्द खोडला.

पण त्याआधी त्यांनी माझ्याकडून एक काम करून घेतलं. मला सगळ्या वाडीसमोर उभं केलं आणि पत्रक कुणाचं ते सांगायला लावलं. हौसाबाईंनी कनवटीच्या पिशवीवर हात ठेवला. "म्हंजी शानी तू व्हतीस व्हय?" एवढंच म्हणाल्या. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला कंपनीच्या वकिलानं नेमका तोच प्रश्न काढला. गावाजवळ इंग्रजी वाचणारी बाई असताना तुम्ही कागद वाचून का घेतला नाही? हौसाबाईंनी कनवटीची घडी काढून पुढं केली. तहसीलदार साहेबांनी उलटसुलट करून पाहिली. "खाली नाव नाही. हे कुणी लिहिलं, खरंच तेव्हा गावात वाटलं गेलं की नंतर छापलं, कशावरून?" आणि घडी परत दिली.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी दप्तरातून पत्रकाची त्यांची प्रत काढली आणि माझ्यासमोर पेन धरलं. "नाव घाल. आणि तारीख आजची घाल, मागची नको."

मी पेन घेतलं आणि सही करायला वाकले.

"वाचून कर," बाई म्हणाल्या.

"बाई, मीच लिहिलंय ते."

"म्हणून तर."

तहसीलच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसमोर, मी माझं पत्रक पहिल्यांदा वाचलं. लिहिताना वाचलं नव्हतं. त्यात एकही गोष्ट सांगितलेली नव्हती. नुसते प्रश्न होते, आणि प्रत्येक प्रश्नाच्या मागच्या टोकाला नांगी होती. मी खाली नाव घातलं. बाईंनी सही भिंगाखाली धरली, माझ्या आधार कार्डाशी ताडून पाहिली, आणि मगच हौसाबाईंच्या हातात दिली.

त्यानंतर बाईंची नजर झपाट्यानं गेली. वाईची त्यांची भाची त्यांना न्यायला आली. दप्तर सोनालीकडे आलं. गिरणीमागचा वर्ग आता ती घेते, नर्सिंगच्या पाळ्या सांभाळून. भोरच्या स्टँडवर मी बाईंना सोडायला गेले होते. खिडकीशी बसल्यावर कंडक्टरनं तिकीट दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, पुढून, मागून. दिसत नव्हतं. मग त्यांनी ते खिडकीतून माझ्याकडे दिलं. "वाच. सगळं वाच." मी गावाचं नाव वाचलं, वेळ वाचली, मागची सूचना वाचली. गाडी सुरू झाली तरी वाचत होते. तिकीट परत देताना त्या म्हणाल्या, "एक ओळ गाळलीस का?"

"नाही बाई."

"बघू," त्या म्हणाल्या, आणि तिकीट शेजारच्या बाईपुढं धरलं.

वाडीची पुढची तारीख अजून व्हायची आहे. सही असलेली प्रत एकच आहे, आणि कंपनीचा वकील म्हणतो की ती आता तयार केली. म्हणून तुम्हांला विनंती. नसरापूर, कामथडी, भाटघर, वेल्हे, जिथं कुठं ते पत्रक त्या शनिवारी तुमच्या हातात पडलं असेल, आणि डब्याखाली किंवा वहीत अजून राहिलं असेल, ते शोधा. ते तुम्हांला कधी आणि कुठं मिळालं, आणि त्यामुळं तुमचा कोणता कागद बाईंना दाखवायचा राहिला, ते मागच्या बाजूला लिहा आणि तुमची सही करा. पुढच्या बाजूला, जिथं 'एक जागरूक नागरिक' आहे, तिथं शेजारी माझं नाव लिहा: ऋतुजा साळेकर. मग रविवारी दुपारी गिरणीमागच्या खोलीत सोनालीला नेऊन द्या.

पण सही करण्याआधी एकदा वाचा. मी लिहिलंय, म्हणून तर.